एक्केचाळीस तासांचा थांबा

४ फेब्रुवारी

आत्या,

तुझा मोबाईल सरहद्दीच्या पट्ट्यात मुका, आणि माझा रोज सकाळी सभागृहाच्या दारात जमा. तेव्हा आपल्या दोघींना आता कागदच उरला. बातमी अशी की पलीकडच्या देशाशी चाललेल्या नव्या मालवाहतूक मार्गाच्या बोलण्यांसाठी दुभाषी म्हणून माझी निवड झाली. लहानपणी मी सगळ्यांशी वाद घालायचे म्हणून तू मला वकीलबाई म्हणायचीस. आता दिवसभर दुसऱ्यांचे वाद घालते, तेही दोन्ही बाजूंनी.

लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. बोलणी ज्या गोष्टीवर अडली आहेत ती तुझ्या दारातली आहे. उत्तरेकडच्या देशाला समुद्र नाही. त्यांचा माल पलीकडच्या देशातून आपल्याकडे यावा आणि आपल्या बंदरातून जगात जावा असा बेत आहे. त्यांची अट एकच: सरहद्दीवर मालगाडी आठ तासांच्या वर थांबता कामा नये. ते जमलं नाही तर ते पूर्वेकडच्या लांबच्या मार्गाशी करार करून मोकळे होतील. आज आपल्याकडचा थांबा सरासरी एक्केचाळीस तास आहे.

इथे सगळ्यांचं ठाम मत की हा वेळ तुझ्या शेडमध्ये जातो. पलीकडचे रूळ रुंद, आपले अरुंद, प्रत्येक डबा उचलून खालची चाकं बदलायची, म्हणजे उशीर होणारच. आमचे प्रमुख काल भर बैठकीत म्हणाले की ते यार्डच बंद करावं. मी ते वाक्य एक अक्षर न गाळता पलीकडच्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं, आणि सांगताना माझे कान तापले. तू एकोणतीस वर्षं तिथे आहेस, आज त्या यार्डाची मुख्य आहेस. तूच सांग, नेमकं घोडं कुठे पेंड खातंय?

बाबा विचारत होते, निवृत्तीनंतर इकडे राहायला येतेस का. मी म्हटलं, तिलाच विचारा, माझ्यात धाडस नाही.

तुझी वकीलबाई


९ फेब्रुवारी

वकीलबाई,

पत्र पॅसेंजरच्या गार्डने हातात आणून दिलं आणि मी वाचेपर्यंत तिथेच उभा राहिला. त्याला वाटलं, कुणाची तब्येत बिघडली. मी म्हटलं, यार्डाची बिघडलीय म्हणे, राजधानीतल्या डॉक्टरांनी न तपासताच सांगितलंय.

तुझ्या प्रमुखांना कळव की पंचवीस डब्यांच्या गाडीची चाकं बदलायला आम्हाला चार तास लागतात. डबे सोडवायचे, जॅकवर उचलायचे, खालचे चाकांचे गाडे ढकलून बाहेर काढायचे, दुसऱ्या मापाचे आत सरकवायचे, डबा पुन्हा खाली बसवायचा, ब्रेक तपासायचे. पावसात साडेचार. माझ्या छत्तीस माणसांपैकी एकानेही कधी पाच तास लावले नाहीत.

उरलेले तास गाडी नुसती उभी असते. आपले कस्टमवाले सील तोडतात, माल मोजतात, नवं सील लावतात. मग गाडी तीन किलोमीटर पुढे जाते, तिथे पलीकडचे कस्टमवाले तेच सील तोडतात, तीच पोती मोजतात, आपलं सील लावतात. त्यांचं घड्याळ आपल्या पुढे एक तास, त्यामुळे आपलं काम आटोपतं तेव्हा त्यांची कचेरी नेमकी बंद होते. एकच दात दोन दवाखान्यांत जाऊन दोनदा उपटायचा, असा प्रकार. तिकडून इकडे येणाऱ्या गाडीचंही तेच. आणि दोन सरकारांचं एकोणीस वर्षं धड बोलणं नाही, तेव्हा हे सांगणार कोण कुणाला?

गेल्या वर्षातल्या सगळ्या गाड्यांची नोंदवही नकलून पाठवतेय. आलेली वेळ, सुटलेली वेळ, दोन्ही खरी. यातून तुझ्या साहेबांना समजेल तेवढं समजू दे.

तुझ्या बाबाला सांग, मी अजून निवृत्त झालेले नाही. खोलीला रंग देऊ नकोस म्हणावं.

आत्या


१६ फेब्रुवारी

आत्या,

तुझी वही म्हणजे खाणच निघाली. दोन दिवस बसून मी तिचा तक्ता केला. आमच्या प्रमुखांनी तो उभ्या उभ्या वाचला, मग बसून वाचला, मग मला चहा मागवला. यार्ड बंद करायची भाषा त्या दिवसापासून थांबलीय.

पण एक गोष्ट कळली नाही. एक्केचाळीस, एकोणचाळीस, चव्वेचाळीस अशा आकड्यांमध्ये मधूनच तेवीस गाड्या अशा आहेत की ज्या नऊ तासांत सुटल्या. मी मालाची यादी लावून पाहिली. ताजी फळं, औषधं, जिवंत कोंबड्या, रोपं. सगळा नासणारा माल. पोलाद किंवा सिमेंटची एकही गाडी त्यात नाही. म्हणजे नऊ तासांत गाडी सोडण्याची काहीतरी युक्ती तुमच्याकडे आहे, आणि ती तुझ्या पत्रात नाही. काय आहे ती?

प्रमुखांना तर या तेवीस गाड्यांचं फार कौतुक वाटलं. गुरुवारी ते तक्ता पलीकडच्यांसमोर ठेवणार आहेत. म्हणाले, नऊ जमतात तर आठही जमतील.

तुझी वकीलबाई


२० फेब्रुवारी

वकीलबाई,

हे पत्र मिळताक्षणी त्या तेवीस गाड्या तक्त्यातून काढ. कारण सांगते, पण तुझ्यापुरतं ठेव. तुला आधी सांगितलं नाही, कारण ऐकलेलं पोटात ठेवायचं नाही हाच तुझा धंदा आहे.

अकरा वर्षांपूर्वी फळझाडांच्या रोपांची एक गाडी इथून पलीकडे निघाली होती. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली मुळं, बाहेर रणरणतं ऊन. आपली तपासणी संपली आणि त्यांची कचेरी बंद झाली. रोपं कोमेजायला लागली. मी माणसं लावून बादल्यांनी पाणी शिंपडत होते. तेवढ्यात पलीकडचा तपासणी अधिकारी रुळांवरून चालत आला. दोन्हीकडच्या पहारेकऱ्यांना काय सांगितलं कोण जाणे. आमच्या शेडमध्ये त्यांना मोजणीमास्तर म्हणतात, कारण काही मोजताना त्यांचे ओठ हलतात. त्यांनी रोपांकडे पाहिलं, आमच्या बादल्यांकडे पाहिलं, आणि खिशातून पेन काढून आमच्या कस्टमवाल्यांच्या कागदाकडे बोट दाखवलं, आणि त्यावरच सही करून गाडी सोडली. पुढच्या वेळी नासणारा माल आला तेव्हा ते आपल्या तपासणीच्या वेळीच हजर झाले. आपल्या माणसाबरोबर तेच सील पाहिलं, तोच माल मोजला, तिथेच सही केली. पलीकडे गाडी पुन्हा उघडली नाही. तिकडून येणाऱ्या गाड्यांचंही मग आम्ही तसंच सुरू केलं.

मला त्यांची भाषा येत नाही, त्यांना आपली. एक ते शंभर आकडे एकमेकांचे शिकलो, तेवढ्यावर अकरा वर्षं चाललंय. आपल्या कायद्यात हे बसत नाही, त्यांच्या तर मुळीच नाही. दोन्हीकडच्या नियमांत एकच गोष्ट सारखी आहे: समोरच्यावर विश्वास ठेवू नये.

माझं काय व्हायचं ते होवो. त्या माणसाला धक्का लागता कामा नये.

आत्या


२४ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. गुरुवार होऊन गेला होता.

काय घडलं ते जसंच्या तसं सांगते. आमच्या प्रमुखांनी तक्ता वाटला. पलीकडच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख बाई आहेत, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि नऊ तासांच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. बोट तेवीस वेळा थांबलं. शेजारच्याच्या कानात काहीतरी विचारलं. मग त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या की आजची बैठक इथेच थांबवावी, पुढची तारीख कळवू. मी ते भाषांतरित केलं. त्याचा अर्थ काय, हे त्या क्षणी मला कळलं नव्हतं. शनिवारी कळलं.

आत्या, तक्ता मी केला, रंग मी भरले. त्या तेवीस ओळी लगेच डोळ्यांत भराव्यात म्हणून मीच हिरव्या केल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तू माझ्यावर रागवायला हवंस. रागाव, पण लिही.

तुझी वकीलबाई


१९ मार्च

वकीलबाई,

लिहायला वेळ लागला, कारण सांगण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

मोजणीमास्तर २५ फेब्रुवारीपासून कामावर नाहीत. त्यांच्या जागी एक तरणाबांड अधिकारी आलाय. तो एकेक पोतं उघडून पाहतो. आता गाडी बावन्न तास थांबते. कांद्याचे दोन डबे उभ्या उभ्या कोंब फुटून वाया गेले. पलीकडच्या इंजिनच्या ड्रायव्हरला मी खुणेनेच विचारलं, मास्तर कुठे? त्याने हात वर करून दूर, त्यांच्या राजधानीच्या दिशेने दाखवला आणि खांदे उडवले.

माझ्यावर चौकशी बसली आहे. तीन माणसं आली होती. त्यांना वाटलं, मी ताकास तूर लागू देणार नाही. मी पहिल्याच प्रश्नाला सगळं सांगितलं. अकरा वर्षं, केव्हापासून, कशा मालाला, कोण कुठे उभं राहतं. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, हे कुणाच्या हुकुमाने केलं? मी म्हटलं, रोपं वाळत होती, तोच हुकूम. ते त्याने लिहून घेतलं नाही, पण बाकीचं सगळं घेतलं. निकाल यायचाय.

तुझ्यावर रागावले नाही असं लिहिलं तर खोटं होईल. चार दिवस रागावले. मग वाटलं, वही मीच पाठवली होती, त्या तेवीस ओळी माझ्याच हाताने लिहिलेल्या. खरी नोंद ठेवायची आणि ती कुणी वाचू नये म्हणायचं, हे काही शहाणपण नव्हे. आता जे झालं ते मागे घेता येत नाही. पुढचं तुझ्या हातात काही असेल तर बघ. रडू नकोस, कामाला लाग.

आत्या


२ एप्रिल

आत्या,

बसली असशील तर उभी राहा. उभी असशील तर बस.

परवा बोलणी पुन्हा सुरू झाली. मी माझ्या जागेवर, दोन्ही प्रमुखांच्या मध्ये, थोडी मागे. पलीकडच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर एक नवा माणूस होता. साठीकडे झुकलेला, जाड मनगटांचा, कोट दुसऱ्याचा घातल्यासारखा. सगळे बसत होते तेव्हा तो समोरची माणसं मोजत होता, आणि मोजताना त्याचे ओठ हलत होते. 

त्यांच्या प्रमुख बाईंनी त्यांनाच पहिल्यांदा बोलायला सांगितलं. ते उभे राहिले आणि शाळेत धडा म्हणावा तसं सरळ बोलले. त्यांना कुणी पकडलं नव्हतं, आत्या. तक्त्याची चौकशी त्यांच्या यार्डात पोहोचायच्या आधीच, नुसती कुणकुण लागताच, ते त्यांच्या राजधानीच्या गाडीत बसले होते. सोबत त्यांची स्वतःची वही होती. तुझ्यासारखीच. ती त्यांनी बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. बाईंनी पाच आठवडे त्यांना तिथेच ठेवून घेतलं, ती वही पानापानाने तपासली, मग त्यांना शिष्टमंडळात घेतलं.

ते म्हणाले, "दोनशे बारा गाड्या मी या पद्धतीने सोडल्या. एकही सील चुकलं नाही, एक पोतं कमी भरलं नाही. हा गुन्हा असेल तर मला घरी पाठवा. नसेल तर याचा नियम करा."

दुभाष्याने बोलणाऱ्याचा 'मी' तसाच 'मी' म्हणायचा असतो. त्यामुळे आपल्या बाजूच्या सगळ्यांसमोर मीच म्हणाले, "दोनशे बारा गाड्या मी सोडल्या." आयुष्यात इतक्या ताठ मानेने मी कुठलंच वाक्य बोलले नसेन. आमच्या प्रमुखांनी तक्ता पुन्हा पुढे ओढला. मग त्यांनी विचारलं, ही पद्धत नासणाऱ्या मालालाच का, सगळ्यांना का नाही? मास्तर म्हणाले, कारण सिमेंटसाठी माझी नोकरी धोक्यात घालायची हिंमत नव्हती. दोन्ही बाजू हसल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा, आणि एकाच वेळी. माझं भाषांतर व्हायच्या आधीच कुणीतरी हसलं होतं, म्हणजे आमच्यातही त्यांची भाषा समजणारे होते तर.

मधल्या सुटीत मी त्यांना गाठलं आणि सांगितलं, मी कुणाची भाची. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि एकच विचारलं: तिसरा जॅक अजून कण्हतो का? मी म्हटलं, विचारून सांगते.

आता नियमाचा मसुदा होतोय. तो लिहिणाऱ्यांपैकी एकानेही आयुष्यात सील हातात धरलेलं नाही. ही तपासणी नेमकी कशी होते ते मला लिहून पाठव. कुणी कुठे उभं राहायचं इथपासून.

तुझी वकीलबाई


७ एप्रिल

वकीलबाई,

त्यांना सांग, तिसरा जॅक कण्हतो, आणि आता त्याला चौथाही साथ देतो.

तुझं पत्र मी शेडमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. छत्तीस माणसं काम थांबवून ऐकत होती. आमच्या यार्डात हे पहिल्यांदाच झालं, तेव्हा त्या दिवशी चाकं बदलायला चार तास वीस मिनिटं लागली. वहीत कारण लिहिलंय: पत्रवाचन.

चौकशीचा निकाल आला. लेखी ताकीद. खाली एक ओळ आहे की पुढील निर्णय बोलण्यांच्या निकालावर. म्हणजे माझी नोकरी आता तुझ्या जिभेवर आहे. जपून वापर.

आता पद्धत. गाडी शेडमध्ये आली की डाव्या अंगाने माझी माणसं जॅक लावतात, उजव्या अंगाने तपासणी सुरू होते. दोन कामं एकमेकांसाठी थांबत नाहीत, निम्मा वेळ इथेच वाचतो. प्रत्येक डब्यापाशी आपला एक आणि त्यांचा एक, दोघं एकाच वेळी उभे राहतात. सीलचा आकडा आपला माणूस मोठ्याने वाचतो, त्यांचा माणूस तो कागदावर पाहतो. पुढच्या डब्याला उलट. सील जुळलं आणि शाबूत असलं तर डबा उघडायचा नाही. शंका आली तर उघडायचा, दोघांच्या डोळ्यांदेखत, एकदाच. सीलचा आकडाच जुळला नाही तर माल भरला त्या स्टेशनचा खुलासा येईपर्यंत डबा गाडीतून काढून ठेवायचा. मग एकाच कागदावर दोन सह्या. एकाने आधी पाहायचं आणि दुसऱ्याने मागून, असं चालत नाही. एकदा तसं करून पाहिलं होतं. मागून पाहणाऱ्याला वाटतंच की पुढच्याने काहीतरी लपवलं. सगळा संशय त्या मधल्या वेळात शिरतो.

मसुदा करणाऱ्यांना सांग, लांब शब्द घालू नका. हे काम उभ्याने, उन्हात, ग्रीसच्या हातांनी वाचायचं आहे.

आत्या


३० एप्रिल

आत्या,

करार झाला. पण तो कसा होता होता राहिला, ते तुलाच सांगायला हवं, कारण तुझं पत्र माझ्या फाइलमध्ये नसतं तर मी तोंड उघडलं नसतं.

सह्यांचा दिवस. दोन भाषांतल्या दोन प्रती लाल कापडावर मांडलेल्या. आदल्या संध्याकाळी पलीकडच्यांनी त्यांची प्रत पुन्हा टाइप करून आणली होती, आणि सह्यांआधी ती नजरेखालून घालायला मला पंधरा मिनिटं मिळाली. सातव्या कलमावर मी थांबले. आपल्या प्रतीत होतं, दोन्ही बाजूंनी मिळून एक तपासणी. त्यांच्या भाषेत 'मिळून'ला दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ एका वेळी, बरोबरीने. दुसऱ्याचा अर्थ एका जागी, पण एकामागून एक. कुणी मुद्दाम केलं नसेल, टाइप करणाऱ्याला दुसरा शब्द भारदस्त वाटला असेल. पण प्रतीत तो दुसरा शब्द होता. म्हणजे एका छपराखाली पुन्हा दोन तपासण्या, आणि मधला तो वेळ, ज्यात संशय शिरतो. तोही आता कायद्याने.

मी वर पाहिलं तर दोन्ही प्रमुखांनी पेनांची टोपणं काढली होती. दुभाष्याने स्वतःचं बोलायचं नसतं. सहा वर्षांत मी एकदाही बोलले नव्हते. मी उभी राहिले आणि दोन्ही भाषांत, एकामागून एक, म्हणाले, "आता बोलतेय ती मी. कुणाचंही भाषांतर नाही. सातवं कलम दोन प्रतींत दोन गोष्टी सांगतंय."

आमच्या प्रमुखांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पलीकडच्या बाई म्हणाल्या की त्यांच्या मते शब्द ठीक आहे, अर्थ साधारण तोच. मी म्हटलं, साधारण तोच असेल तर मास्तरांना विचारा, काम त्यांना करायचंय. मास्तर शेवटच्या खुर्चीवरून उठून पुढे आले. कलम वाचलं. मग त्यांनी टेबलावरचा पाण्याचा पेला पुढे ओढला. आधी स्वतः वाकून पाहिला, बाजूला झाले, आणि आपल्या कस्टमच्या साहेबांना वाकून पाहायला लावलं. मग मान हलवली: असं नाही. नंतर त्या साहेबांचा खांदा धरून दोघं एकदम पेल्यावर वाकले, डोक्याला डोकं लागेल इतके. आणि मान डोलावली: असं.

बाईंनी पेन घेतलं, तो शब्द खोडला, वर दुसरा लिहिला, आणि समासात सही करून प्रत आमच्या प्रमुखांपुढे सरकवली.

नंतर जिन्यात प्रमुखांनी मला विचारलं, तुम्हाला बोलायला कुणी सांगितलं होतं? मी म्हटलं, कुणीच नाही साहेब, म्हणून तर उभं राहून बोलावं लागलं. ते दोन पायऱ्या उतरले, थांबले, आणि म्हणाले की परीक्षेची गाडी २६ मेला आहे, उत्तरेकडचे पाहुणे स्वतः घड्याळ घेऊन येणार आहेत, तुमच्या आत्याबाईंना कळवा. म्हणून कळवतेय.

तुझी वकीलबाई


२९ मे

वकीलबाई,

गाडी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शेडमध्ये आली. पंचवीस डबे, तांब्याच्या तारा आणि सुकवलेली फळं. दोन्हीकडचे कस्टमवाले, दोन्हीकडचे रेल्वेवाले, आणि उत्तरेच्या पाहुण्या म्हणजे एक उंच वयस्कर बाई, हातात घड्याळ, सोबत त्यांची दुभाषी. इतके साहेब एका वेळी आमच्या शेडमध्ये कधी आले नव्हते. मी सगळ्यांना पिवळ्या पट्ट्याच्या मागे उभं केलं. एकजण पुढे आला तर त्यालाही मागे पाठवलं, तो मंत्रालयातला होता असं नंतर कळलं.

मोजणीमास्तर परत आपल्या जागेवर आलेत. तो तरणाबांड अधिकारी आता त्यांच्या हाताखाली आहे. डावीकडे जॅक, उजवीकडे तपासणी. मी मास्तरांशेजारी चालत होते. पहिले सोळा डबे एका दमात झाले.

सतराव्या डब्याचं सील ४०७१६. कागदावर ४०७७६.

तेव्हा गाडीला येऊन पावणेपाच तास झाले होते. सगळ्यांना दिसत होतं की लिहिण्यातली चूक आहे. सील शाबूत, डबा शाबूत. पण कागद एक म्हणतो आणि लोखंड दुसरं, आणि भरणीच्या स्टेशनवरून खुलासा आल्याशिवाय कुणाचं खरं ते ठरत नाही. माझे विभागप्रमुख जवळ येऊन हळूच म्हणाले, आजच्या दिवस जाऊ द्या, आत्ता डबा काढला तर आठ तास हुकतील, मग सगळंच हुकेल. खोटं नव्हतं ते. गाडीच्या मधला डबा काढायचा म्हणजे पुढचे सोळा ओढायचे, तो बाजूला टाकायचा, पुन्हा जोडायचे, ब्रेक सगळे नव्याने तपासायचे. तासभर तरी जाणार.

मी मास्तरांकडे पाहिलं, ते माझ्याकडेच पाहत होते. त्यांनी हात वर केला, त्याच वेळी मीही. डबा काढा.

मग माझ्या माणसांनी जे काम केलं ते मी एकोणतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. कुणी ओरडलं नाही, कुणी धावलं नाही, हात मात्र एकाचा दुसऱ्याला अडखळला नाही. डबा पन्नास मिनिटांत बाजूला लागला, तेवढ्यात मागच्या डब्यांची तपासणीही पुढे सरकली. पावणेतीनला चोवीस डब्यांची गाडी बंदराकडे निघाली. सात तास पस्तीस मिनिटं.

पाहुण्या बाईंनी घड्याळ खिशात टाकलं आणि तो एकटा उभा असलेला डबा दाखवून विचारलं, हा का ठेवला? त्यांच्या दुभाषीने मला सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही रोज इथे नसाल, म्हणून. त्या डब्यापर्यंत चालत जाऊन सील पाहून आल्या. मग म्हणाल्या, "वेगवान गाडी मला पूर्वेकडच्यांनीही दाखवली. दाखवायच्या दिवशी डबा मागे ठेवणारे तुम्ही पहिले." काल राजधानीहून पाकीट आलं, त्यांनी आपल्या मार्गाला होकार कळवलाय. ताकीद मागे घेतल्याचा कागदही त्याच पाकिटात आला, पण तो मी नंतर वाचला. सतरावा डबा दुसऱ्या दिवशी अकराला सुटला. भरणीच्या कारकुनाचा एक सातासारखा निघतो, एवढंच होतं.

तुझ्या बाबाला मीच लिहितेय. मला एक वर्ष मुदतवाढ मिळालीय आणि मी ती घेतलीय.

साहेब मंडळी गेल्यावर मास्तर आणि मी शेडच्या बाकावर चहा घेऊन बसलो. आमच्यात बोलायला भाषा नाही, आणि त्या पाहुण्यांची दुभाषीही निघून गेली होती. त्यांनी उत्तरेकडे हात दाखवला आणि चार बोटं वर केली. आठवड्याला चार गाड्या. मी मान हलवली आणि सहा दाखवली. त्यांनी माझ्या माणसांकडे पाहिलं, जॅकांकडे पाहिलं, ओठ हलवत मनाशी काहीतरी मोजलं, आणि पाची बोटं उघडून पंजा माझ्यापुढे धरला. मी तो हातात घेऊन हलवला.

पाच ठरल्या. सोमवारपासून. तुझी गरज पडली नाही, राग मानू नकोस.

आत्या